नबीमामांचा पडदा

यंदाही जत्रेच्या जेवणात लोक रस्सा भुरकता भुरकता म्हणाले, "मटणाला पहिली चव राहिली न्हाई." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चव कशी राहील? ज्याच्या हाताला चव होती त्या माणसाला तुम्हीच गावाबाहेर काढलंत आणि आता पंगतीत मांडी घालून चवीची आठवण काढताय? वाढता वाढता मी एकदोघांना हे तोंडावर सुनावलं. नवऱ्याने डोळे वटारले, सासूबाईंनी मागून पदर ओढला. आमच्या घरी मला सगळे मागेच ओढत असतात.

आमचं गाव न्हावऱ्यापासून जवळच आहे. नाव सांगत नाही, अभिमानाने सांगावं असं आम्ही काही शिल्लक ठेवलेलं नाही. ऊस, कांदा, दारात दोन-चार गायी, प्रत्येक घरात एक तरी पोरगा रांजणगावच्या कंपनीत. आणि पूर्वी होतं ते मुलाण्यांचं एक घर. आमच्याकडे देव कुठलाही असो, बोकडावर सुरी मुलाण्याचीच फिरते. भैरोबाच्या जत्रेत पहिला बोकड त्यांनी कापायचा, हा त्यांचा मान. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला. तो मान नबीलाल मुलाण्यांकडे होता. सगळं गाव त्यांना नबीमामा म्हणायचं. माझ्या सासऱ्यांचे ते दोस्त, म्हणून मला 'सूनबाई' म्हणायचे.

अंगाने किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट, वरच्या खिशात घडी घातलेली टोपी. खाटीक म्हटल्यावर माणसं ज्या आडदांड गड्याची कल्पना करतात, त्यातलं त्यांच्यात काहीही नव्हतं. चालताना नजर आपल्या चपलांवर. कुणाच्या दारावरून गेले तरी आत बघायचे नाहीत. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या माणसाची मान दुखते की काय.

स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं दुकान. दुकानाच्या आतल्या बाजूला एक जाड हिरवा पडदा टांगलेला असायचा. बोकड पडद्याआड न्यायचा, आधी त्याला पाणी पाजायचं, सुरी त्याला दिसणार नाही अशी पाठीमागे धरायची. एका बोकडासमोर दुसरा कधी कापला नाही. जत्रेत तर बोकडांची रांग लागायची, लोक घाई करायचे, तरी मामा तो पडदा घेऊन यायचे आणि दोन माणसांना दोन टोकं धरायला लावायचे. कुणी म्हणायचं, "मामा, मरणारच हाय की ते, त्याला काय दाखवायचं न् काय लपवायचं!" मामा म्हणायचे, "मरंल. पण भ्या कशापायी दाखवायचं?" पडदा नीट धरला जाईपर्यंत सुरी हलायची नाही.

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट कायम यायची. लहानपणी दौंडच्या मशिदीत मौलवींनी त्यांना पैगंबरांची शिकवण सांगितली होती. हलाल उघड आहे, हरामही उघड आहे, मधल्या गोष्टी शंकेच्या, त्या माणसाने सोडाव्यात. "राखीव कुरणाच्या कडंला शेरडं चारली की कवातरी ती आत घुसणारच," असं मामा सांगायचे. "म्हणून कडंलाच जायचं न्हाई. शंका आली, सोडून द्यायचं." शेरडांचा दाखला असल्यामुळे त्यांना ही शिकवण खास आपल्यासाठीच सांगितलीय असं वाटत असावं.

एकदा सकाळी एक अनोळखी माणूस दोरीला बोकड बांधून दुकानावर आला. बोकड चांगला आणि भाव अगदीच कमी. मामांनी बोकडाकडे बघितलं, माणसाकडे बघितलं आणि "नको" म्हणाले. माझे सासरे तिथेच बसले होते. तो माणूस गेल्यावर म्हणाले, "नबी, चोरीचं दिसतंय. पोलीस पाटलाला सांग."

"चोरीचं हाय असं मी कुठं म्हणलं, आबा?" मामा म्हणाले. "मला शंका आली, मी सोडलं. त्याला चोर म्हणायचं तर चोरताना बघाय पाहिजे व्हतं."

सासऱ्यांनी घरी येऊन हसत हसत हे सांगितलं. मी हसले नाही. मला तेव्हाही वाटलं होतं की हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार.

दुसरीकडे, शंका उकरून काढायचा त्यांना तितकाच तिटकारा. एकदा त्यांचा दौंडचा भाचा, लतीफ, आमच्याकडे जेवायला आला. पिठलं-भाकरी होती. त्या पोराने हळूच विचारलं की पातेलं कसलं, तेल कसलं. मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो वरमला. "माऊलीनं वाढलं, बिस्मिल्ला म्हण आन् खा. शंका आली तर सोडायची असती, खणून काढायची न्हाई." मग भाकरीचा तुकडा मोडून मला म्हणाले, "सूनबाई, मिरची लई झ्याक."

आता काळ्या पिशवीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून तात्यांचं घर आहे. तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, जत्रा कमिटीचे अध्यक्ष, गळ्यात तुळशीची माळ. माळकरी माणसाने मटणाला शिवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तात्या तर माळ नसलेल्यांनाही उपदेश करायचे. आणि दर बुधवारी दुपारी, गाव पेंगत असताना, नबीमामा एक काळी पिशवी तात्यांच्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवून जायचे. पिशवीत पिशवी घातलेली, वरून कागद आणि त्यांची ती खास गाठ, दोन कान वर काढलेली, एका ओढीत सुटणारी. गोठ्याचा मागचा दरवाजा माझ्या परसातून दिसतो. मी काय डोळे मिटून भांडी घासू?

त्यातही एक खुबी होती. बोकडाचे पाय मामा कधी भाजून द्यायचे नाहीत. केस जळतात तो धूर त्यांना सोसायचा नाही, दम लागायचा. सगळ्या गावाला ते पाय नुसते तोडून द्यायचे, भाजणं ज्याने त्याने आपल्या चुलीवर करायचं. फक्त काळ्या पिशवीतले पाय तेवढे भाजून, खरवडून, लखलखीत केलेले. का, ते मला एक दिवस कळलं. केस जळाल्याचा वास भिंतीपलीकडे येतो. म्हणजे माझ्याकडे. तात्यांची लाज झाकायला हा माणूस तोंडाला रुमाल बांधून खोकत बसायचा.

मी दुकानात जाऊन सरळ विचारलं, "मामा, बुधवारची पिशवी गोठ्यात कुणासाठी?"

ते तागडीकडे बघत म्हणाले, "तुमचं एक किलो झालं, सूनबाई. कलेजी टाकू का थोडी?"

"मी विचारते काय, तुम्ही सांगता काय!"

"ज्याच्याशी आपला संबंध न्हाई ते सोडून द्यावं. त्यानंच माणसाचं इमान साजरं दिसतं. हेबी आमच्या पैगंबरसाहेबांनी सांगितलेलं हाय." आणि कलेजी टाकली.

मग तात्यांच्या पोराला, संदीपला, निवडणुकीला उभं राहायची हौस आली. त्याने गावजेवण ठेवलं, शिरूरच्या बाजारातून टेम्पोभर बोकड आणले. टेम्पोत दाटी झाली होती. उतरवताना एक बोकड सगळ्यांच्या खाली सापडला, डोळे उघडे, मान पडलेली. मांडवात पाहुणे यायला लागले होते.

"सुरी फिरवा मामा, पटकन," संदीप म्हणाला. "जीव हाय त्याच्यात. पाय हालला, म्या बघितला."

मामांनी बोकडाच्या पोटावर हात ठेवला. मग नाकाशी. "मी न्हाई बघितला."

"अहो, कोण इचारतंय! तुमी फिरवली म्हणलं की झालं."

"शंका हाय, संदीप. मी फिरवायचो न्हाई आन् दुसऱ्या कुणाला फिरवूबी द्यायचो न्हाई. लोक माझ्या भरवशावर खात्यात."

आणि त्या माणसाने स्वतः फावडं घेऊन मांडवामागे खड्डा खणला आणि बोकड पुरला. शेवटच्या पंगतींना नुसता रस्सा आला, फोडी नाहीत. लोक संदीपला टोमणे मारत उठले. मामांना कुणी विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "कमी पडलं." कशामुळे, ते त्यांनी माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं नाही. आम्हाला ते सांगितलं टेम्पोच्या ड्रायव्हरने.

निवडणुकीत संदीप पडला. पुढे गावाच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागला. आपल्या गावातल्या दुकानात बोकडाच्या नावाखाली नक्की काय विकतात? शंका आहे. जागे व्हा. पुढे पाठवा.

शंका आहे! पुरावा नाही, बघितलेला माणूस नाही, नुसती शंका, आणि ती पुढे पाठवायची. लहानपणापासून ज्यांनी त्या हातचं खाल्लं त्यांनी बोटाने दाबून पुढे पाठवलं. मामांकडे तसला फोनच नव्हता. गिऱ्हाईक का तुटलं ते त्यांना मामींनी सांगितलं, मामींना पिठाच्या गिरणीत कळलं. मामांनी दुकानाचा पडदा काढून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायला लागले, "या, बघा. आत या." कुणी आत गेलं नाही. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, सगळं बोकडाचंच आहे म्हणाले. त्यावर लोक म्हणाले, डॉक्टरला काय, आधीच सांगून ठेवलं असेल.

जत्रेच्या आधी भैरोबाच्या मंडपात सभा झाली. मी ग्रामपंचायतीची सदस्य. माझ्या जागी नवरा जाऊन बसेल अशी गावाची समजूत होती, ती मी पहिल्याच सभेत मोडली होती. मामा मंडपाच्या पायरीपाशी उभे होते. टोपी खिशात नव्हती, हातात होती.

तात्यांनी माळेशी चाळा करत सुरुवात केली. "नबी, तुझ्यावर आमचा आरोप न्हाई. पण लोकांच्या मनात शंका आलीय. आन् तुझाच धर्म सांगतो ना, शंकेचं सोडून द्यावं? आमीबी तेच करतोय. औंदा जत्रेला बाहेरचा माणूस बोलवू."

मंडपातली मंडळी हसली. मला वाटलं, उठून या माणसाच्या थोबाडीत मारावी.

मामा शांतपणे म्हणाले, "तात्या, मी बोकडाशिवाय, मेंढराशिवाय कशाला सुरी लावलेली न्हाई. तरी शंका आली आसंल तर खाऊ नका, माझं काय म्हणणं न्हाई. पण शंका आपल्या ताटापुरती असती. दुसऱ्याच्या पुढचं ताट वढायला न्हाई."

"ताटाचं निघालंच आहे तर," मी उभी राहिले, "मामा, सांगा सगळ्यांसमोर. बुधवारी दुपारी काळी पिशवी कुणाच्या गोठ्यात जाते?"

 तात्यांचा हात माळेवरच थांबला. चेहरा पांढराफटक. मी तो चेहरा अजून विसरले नाही, कारण त्या माणसाला इतकं घाबरलेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही. मामांनी फक्त तोंड उघडायचं होतं. एक नाव. सगळा खेळ तिथेच संपला असता. अध्यक्षपद, माळ, मेसेज, सगळं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. "सूनबाई, ती गोष्ट माझी न्हाई," म्हणाले.

"मामा!"

"बसा तुमी."

तात्यांच्या जिवात जीव आला. आणि त्या हरामखोराने, हो, हाच शब्द लिहिते, लगेच मंडपाकडे वळून म्हटलं, "बघा! सरळ सवालाला सरळ जवाब देता येत न्हाई. म्हंजी कुठंतरी पाणी मुरतंय." ज्या गप्प राहण्याने त्याची लाज वाचली, तेच गप्प राहणं त्याने पुरावा म्हणून वापरलं. हात वर झाले. मामांचा मान गेला. मी मंडपातच ओरडून सांगितलं की पिशवी तात्यांकडे जाते. लोक म्हणाले, वहिनी, पुरावा काय? नबीसाठी शंका पुरली, तात्यांसाठी पुरावा पाहिजे!

दुकान आधीच बसलं होतं. मामी म्हणाल्या, लेकीकडे जाऊ दौंडला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन भांडले. निरोप द्यायला गेले होते, पण भांडलेच.

"तुमची भाकरी गेली, मामा! ती तरी तुमची गोष्ट होती की नव्हती?"

"माझी भाकरी माझी. तात्याचं ताट तात्याचं. माझी भाकरी वाचवाय त्याचं ताट उघडं करू?"

"करा की! त्याने तुमचं घर उघडं केलं."

"त्यानं केलं, ते त्याच्याकडं."

"हे इमान नाही, मामा, हा बावळटपणा आहे."

मामी माझ्या बाजूच्या होत्या. त्यांनी हातातला स्टोव्ह दाणकन टेम्पोत ठेवला.  मामा हिरव्या पडद्याची घडी घालत राहिले, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मला आजही वाटतं की ते चुकले. एका खोटारड्याला झाकलं म्हणजे तो आणखी दहाजणांना लुबाडायला मोकळा राहतो. हे मी त्यांना तेव्हा म्हटलं, आताही म्हणेन.

आता यंदाची गोष्ट. जत्रा झाली आणि थोड्या दिवसांनी तात्या मोटरसायकलवरून घसरले. पाय मोडला. एका सकाळी भिंतीवरून हाक आली. तात्यांची बायको, काकू. "लेकीकडं चाललीस ना गं दौंडला? डॉक्टरांनी पायांचं सूप द्या म्हणून सांगितलंय. चार पाय आण. कुठल्याबी दुकानातलं नको बाई, ह्यांना चालत न्हाई. नबीच्याच हातचं पाहिजे म्हणत्यात." आणि आवाज खाली आणून, "कुणाला बोलू नको."

  मग मी भिंतीवरून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. काकू रडल्या. म्हणाल्या, "मला माहीत न्हाई का? समदं माहीत हाय. पण हाडं जुळंनात त्यांची." मी हो म्हटलं. का, तेही सांगते. मला मामांनी नाही म्हणताना बघायचं होतं. एकदा तरी.

दौंडला लतीफचं मटणाचं दुकान आहे, मामा तिथे दुपारी बसतात. बारीक झालेत. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. माझी मुलगी, नातू, सासूबाईंचे गुडघे, सगळं विचारलं. गावाचं काही नाही. मीही मुद्दाम कुणाचं नाव घेतलं नाही.

"चार पाय पाहिजेत, मामा. एका माणसाचं हाड मोडलंय. कुणाचं, विचारा की."

"आजारी हाय न्हवं? मग झालं."

ते उठले. पाय निवडले, तोडले. मी पिशवीसाठी हात पुढे केला तर ते पाय घेऊन मागच्या बाजूला गेले. लतीफ म्हणाला, "मामू, मैं करता हूँ, तुमको दम लगता है." मामांनी ऐकलं नाही. मग धूर आला, केस जळाल्याचा तो वास आणि त्यांचा खोकला. बराच वेळ. मी स्टुलावर बसून राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल, तोंडावर रुमाल आणि हातात काळी पिशवी. पिशवीत पिशवी, वर कागद, दोन कान काढलेली गाठ.

"मी भाजायला सांगितले नव्हते, मामा."

"भाजलेलं बरं. भिंतीला भिंत हाय."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला. त्यांना सगळं कळलं होतं. मी दारात उभी राहिले तेव्हाच कळलं असेल. मी विचारलं, "तुम्हाला त्याचा जरासुद्धा राग येत नाही?"

"येतो की," ते म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. "लई येतो. म्हणून तर त्याचं नाव घेत न्हाई." मग बाहेर बघून, "एसटी लागली आसंल. निघा."

मी रस्त्यावर आले तेवढ्यात मागून हाक आली. "सूनबाई!" मी वळले. ते दुकानाच्या पायरीवर उभे होते, टोपी हातात घेऊन, त्या दिवशी मंडपाच्या पायरीपाशी होते तसे.

"जत्रंला," ते म्हणाले, "आता पडदा धरत्यात का?"

यंदाच्या जत्रेत मी बघून आले होते. बाहेरच्या माणसाने बोकड एका ओळीत बांधले होते, एकापुढे एक कापले. शेवटचा बोकड ओरडून ओरडून बसकण मारून खाली बसला होता आणि पोरं मोबाइलवर त्याचं शूटिंग करत होती. हे सांगायला मी तोंड उघडलं. यांना कळू दे, म्हटलं, गप्प राहिलात त्याचं काय झालं ते कळू दे.

माझा चेहरा बघून त्यांनी घाईने हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. नका सांगू. ते आता माझं न्हाई."

आत कुठेतरी बोकड ओरडला. मामा वळले, लतीफला काहीतरी म्हणाले, आणि दुकानाच्या आतल्या बाजूला टांगलेला तो हिरवा पडदा त्यांनी दोन्ही हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला.